लहान प्रदेशाचे आरोग्य नियोजन : मॉरिशसचा अनुभव आणि वाशिम जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. तसे पाहिले तर ही पुनर्निर्मितीच म्हणावयास हवी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडात वाशिम हा जिल्हा होताच. १९०५ च्या पुनर्रचनेत तो मोडला गेला. पुसदकडील भाग यवतमाळास आणि उरलेला अकोल्यास जोडण्यात आला. त्र्याण्णव वर्षांनी जिल्ह्याचे ठिकाण परत मिळाले.

जिल्हा झाला की जिल्हाधिकारी येतात, जिल्हा परिषद स्थापन होते, निरनिराळ्या खात्यांची कार्यालये उघडतात. कचेरी भाड्याच्या जागेतही सुरू करता येते. शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी आणि प्रसूतिकक्ष यांचे तसे नसते. विभाजनात फायली वाटून घेता येतात, मोठे रुग्णालय मात्र ज्या गावात बांधले असेल त्याच गावात राहते. त्यामुळे नव्या, लहान जिल्ह्यापुढे पहिल्या दिवसापासून एक प्रश्न उभा असतो. आरोग्यसेवेचा कोणता भाग आपण आपल्या हिमतीवर उभा करावयाचा आणि कोणत्या भागासाठी शेजाऱ्यावर विसंबावयाचे? हा प्रश्न वाशिमपुरता नाही. विसाव्या शतकात स्वराज्याच्या उंबरठ्यावर आलेल्या कित्येक लहान बेटांना तो सोडवावा लागला. त्यांपैकी एका बेटाचा अनुभव वाशिमच्या संदर्भात विशेष उपयोगाचा आहे.

माणसे तेवढीच, जमीन अडीचपट

हिंदी महासागरातील मॉरिशस मराठी वाचकास अपरिचित नाही. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी भारतातून करारबद्ध मजूर तेथे नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली, मुख्यत्वे कोकणातली, मराठी कुटुंबेही होती. या देशाचे क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरहून थोडेच अधिक असून २०२२ च्या शिरगणतीनुसार लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती आणि क्षेत्रफळ सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर. माणसे जवळजवळ तेवढीच, जमीन मात्र अडीचपट. एका सार्वभौम राष्ट्राचे आरोग्य खाते जेवढ्या लोकांची काळजी वाहते, तेवढ्याच लोकांची काळजी वाशिमच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यास आणि जिल्हा शल्यचिकित्सकास वाहावयाची आहे. शिवाय ती अधिक अंतरावर, आणि दर शंभरांतील ब्याऐंशी माणसे खेड्यांत राहतात अशा प्रदेशात.

अर्थात राष्ट्राची तिजोरी आणि जिल्ह्याचे अनुदान यांची तुलना होऊ शकत नाही, हे कोणीही सांगेल. ते खरेच आहे. परंतु मॉरिशसकडून घेण्यासारखी गोष्ट त्याच्या तिजोरीत नसून, स्वातंत्र्यापूर्वीच्या दहा-पंधरा वर्षांत तेथे ज्या क्रमाने कामे झाली त्या क्रमात आहे.

आधी मोजणी

मॉरिशसमध्ये १८६० नंतरच्या दशकात हिवताप शिरला आणि १८६७ च्या साथीत त्याने बेटाचा एवढा संहार केला की लोकसंख्येचा सुमारे दशांश नाहीसा झाला. राजधानी पोर्ट लुई येथे तर त्याहून भयानक स्थिती झाली. पुढे १९०७-०८ मध्ये सर रोनाल्ड रॉस यांना पाहणीसाठी तेथे पाठविण्यात आले. डासाच्या शरीरात हिवतापाच्या जंतूची वाढ होते, हे त्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखवून दिले होते. मॉरिशसमध्ये त्यांनी केलेले काम प्रयोगशाळेतील शोधाइतके गाजले नाही. पण नियोजनाच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे. हजारो मुलांची प्लीहा तपासून, कोणत्या भागात किती मुलांची प्लीहा वाढलेली आहे याची त्यांनी नोंद करविली. औषधे किती आणि माणसे किती लागतील हा विचार त्या मोजणीनंतर. रक्त तपासण्याची यंत्रे नसतानाही, हाताने पोट चाचपून रोगाचा नकाशा तयार होऊ शकतो, हे त्यांनी सिद्ध केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ पासून तीन-चार वर्षांत, घरोघर डीडीटीची फवारणी करून हिवतापाचा बीमोड झाला. त्याचा परिणाम डोळे दिपविणारा होता. दशकाच्या आत मृत्यूचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. पण त्याबरोबर दुसरी चिंता उभी राहिली. १९५२ मध्ये पाच लाख असलेली लोकसंख्या १९६२ मध्ये पावणेसात लाखांच्या पुढे गेली. जमीन वाढणार नव्हती, पीक एकच, उसाचे. याच काळात स्वराज्याची पावले पडत होती. १९५९ मध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली आणि स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या पक्षाचे नेते होते डॉ. सीवूसागर रामगुलाम, स्वतः वैद्यकीय पदवीधर.

स्वातंत्र्य अजून आठ-नऊ वर्षे दूर असताना दोन पाहण्या करविण्यात आल्या. अर्थव्यवस्थेची पाहणी पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे जेम्स मीड यांनी केली. सामाजिक धोरणाची पाहणी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील रिचर्ड टिटमस व ब्रायन एबल-स्मिथ यांनी केली. दोन्ही अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. टिटमस अहवालाने आरोग्यसेवा, कुटुंबनियोजन आणि कुटुंबांना द्यावयाचे साहाय्य यांचा विचार एकत्र केला. निरनिराळ्या धर्मांच्या लोकांची भिन्न मते लक्षात घेऊन कुटुंबनियोजनाच्या एकाहून अधिक पद्धतींचा प्रसार झाला. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी एका स्त्रीस सरासरी सहा अपत्ये होत. दहा-बारा वर्षांत ती संख्या निम्म्यावर आली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडे किती माणसे आहेत, ती कशाने आजारी पडतात आणि पुढील वीस वर्षांत किती होतील, याचा लेखी अंदाज राज्यकर्त्यांच्या हाती होता.

वाशिम जिल्ह्याच्या वाट्यास अशी पूर्वतयारीची दहा वर्षे आली नाहीत. जिल्हे शासकीय अधिसूचनेने होतात. त्यामुळे मोजणीचे काम जिल्हा झाल्यानंतर करावयाचे राहिले, आणि ते खालपासून, उपकेंद्रापासून, करता येते.

एका उपकेंद्राचा हिशेब

सपाटीच्या प्रदेशात पाच हजार लोकसंख्येस एक उपकेंद्र, तीस हजारांस एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि एक लाख वीस हजारांस एक ग्रामीण रुग्णालय, हे प्रमाण सर्वपरिचित आहे. पंचायत समितीच्या सभेत सहसा चर्चा होते ती या प्रमाणाने आणखी किती केंद्रे मिळावयास हवीत याची. मागणी योग्य असेलही. पण केंद्रात काय व्हावयाचे, याचा हिशेब त्या चर्चेत क्वचितच मांडला जातो. तो अवघड नाही.

पाच हजार वस्तीचे एक उपकेंद्र घ्यावे. जन्मप्रमाण हजारी सोळा धरले तर तेथे वर्षाकाठी ऐंशी बाळंतपणे होतील. बहुतेक सुखरूप पार पडतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दर शंभरांतील सुमारे पंधरा बाळंतपणांत जिवाला धोका पोहोचविणारी काही ना काही गुंतागुंत उद्भवते : अतिरक्तस्राव, झटके, अडलेले मूल, जंतुसंसर्ग. ऐंशींचे पंधरा टक्के म्हणजे बारा. प्रत्येक उपकेंद्रातून महिन्याला एक स्त्री अशी निघणार, की जिला उपकेंद्रातील आरोग्य सेविका, ती कितीही कुशल असली तरी, एकटी वाचवू शकणार नाही. ती स्त्री कोणती, हे आधी पुष्कळदा कळत नाही. सर्व तपासण्या चांगल्या असलेल्या स्त्रीसही बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होऊ शकतो.

हाच हिशेब जिल्ह्यास लावला तर बारा लाख वस्तीत वर्षाला सुमारे एकोणीस हजार बाळंतपणे आणि त्यांतील जवळजवळ एकोणतीसशे गुंतागुंतीची. म्हणजे दररोज आठ. सणाच्या दिवशी आठ, रविवारी आठ, पेनगंगेला पूर आला त्या दिवशीही आठ. यांतील काही स्त्रिया खाजगी रुग्णालयांत जातील, काही माहेरी दुसऱ्या जिल्ह्यात असतील, शेजारच्या जिल्ह्यांतून काही इकडे येतील. आकडा थोडा इकडेतिकडे होईल. त्याची जात बदलणार नाही.

अतिरक्तस्राव झालेली स्त्री उपचार न मिळाल्यास दोन तासांच्या आत दगावू शकते. म्हणून जिल्ह्याच्या आरोग्याचा नकाशा किलोमीटरांपेक्षा तासांत आखणे अधिक शहाणपणाचे. वाशिमहून अकोला सुमारे ऐंशी किलोमीटर आहे. अकोल्यास २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून वाशिमकडील गंभीर रुग्णांचा ओढा तिकडे राहिला, आणि तो स्वाभाविक होता. पण रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील आडगावाहून आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून ग्रामीण रुग्णालय, तेथून वाशिम आणि तेथून अकोला, अशा चार पायऱ्या चढताना दोन तासांचा हिशेब कोठल्या कोठे राहतो. प्रत्येक पायरीवर नोंद होते, चिठ्ठी लिहिली जाते, वाहनाची वाट पाहिली जाते. उपचार मात्र शेवटच्या पायरीवर.

अर्धा भूलतज्ज्ञ नेमता येत नाही

येथे लहान प्रदेशाची खरी अडचण पुढे येते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी १९९७ मध्ये घालून दिलेल्या प्रमाणानुसार दर पाच लाख वस्तीस तातडीच्या प्रसूतिसेवेची पाच ठिकाणे असावीत आणि त्यांपैकी निदान एका ठिकाणी पोट चिरून बाळंतपण करण्याची व रक्त देण्याची सोय असावी. वाशिमला या मापाने अशी सर्वांगपूर्ण ठिकाणे किमान दोन, आणि काटेकोरपणे पाहता तीन, हवीत. इमारती आहेत. वाशिमला जिल्हा रुग्णालय, कारंज्यास उपजिल्हा रुग्णालय आणि इतर तालुक्यांत ग्रामीण रुग्णालये आहेत. अडते ते माणसांपाशी. स्त्रीरोगतज्ज्ञ असेल तर भूलतज्ज्ञ नसतो. दोघे असतील तर रक्त नसते. तिन्हींपैकी एक नसेल तर उरलेल्या दोहोंचा त्या रात्री काहीही उपयोग नाही.

आठवड्याचे तास १६८. एक भूलतज्ज्ञ ४८ तास काम करील असे धरले तर एक ठिकाण अहोरात्र चालू ठेवण्यास साडेतीन, म्हणजे रजा धरून चार, भूलतज्ज्ञ लागतात. आता समजा जिल्ह्यास सहा भूलतज्ज्ञ मिळाले. सहा तालुके, सहा तज्ज्ञ. प्रत्येक तालुक्यास एक, हे वाटप सभागृहात एकमताने मंजूर होईल, कारण कोणाचीच तक्रार राहणार नाही. पण त्याचा अर्थ असा की सहाही ठिकाणे आठवड्याच्या १६८ तासांपैकी १२० तास बंद राहतील. बाळंतपणास वेळ-काळ नसल्याने दहांपैकी सात स्त्रिया बंद दाराशी पोहोचतील. तेच सहा तज्ज्ञ दोन ठिकाणी तीन-तीन असे नेमले, तर त्या दोन ठिकाणी जवळजवळ कोणत्याही वेळी दार उघडे सापडेल.

वाशिम जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, कारंजा ईशान्येस. निसर्गतःच दोन टोके साधली जातात. तिसरे ठिकाण मंगरूळपीरसारखे मध्यवर्ती असावे की मानोऱ्यासारखे दूरचे, याबद्दल मतभेद होतील आणि ते व्हावयासही हवेत. परंतु त्या वादाचा निकाल लोकसंख्या आणि प्रवासाचे तास यांवर लागला पाहिजे. ज्या तालुक्यांस असे ठिकाण मिळणार नाही, त्यांच्या सदस्यांस आपल्या मतदारांपुढे जाणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी मागावयाची गोष्ट वेगळी आहे : मधल्या पायऱ्या गाळून थेट योग्य ठिकाणी नेणारे वाहन, आणि निघण्यापूर्वी तिकडे दूरध्वनीने दिलेली वर्दी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, गरोदर मातांसाठी १०२ ची वाहने आहेत. वाहन कोठे उभे राहते आणि कोणत्या रुग्णालयाकडे वळते, हे जिल्ह्याच्या नियोजनात लिहिलेले असावे.

मॉरिशसने साधारण याच दिशेने वाटचाल केली. आज तेथे पाच प्रादेशिक रुग्णालये आहेत. त्यांतील रोझ बेल येथील रुग्णालयास जवाहरलाल नेहरूंचे नाव आहे. प्रत्येक प्रादेशिक रुग्णालयाच्या आधाराने त्या त्या भागातील लहान आरोग्य केंद्रे चालतात. जे उपचार देशात होऊ शकत नाहीत, त्यांसाठी रुग्णांना परदेशी, बहुधा भारतात, पाठविण्याची शासकीय योजना आहे. आपल्याकडे काय होणार नाही हे आधी ठरवून त्याची कायमची व्यवस्था लावणे, यात कमीपणा मानला गेला नाही. सार्वभौम राष्ट्राने जे संकोच न बाळगता केले ते जिल्ह्याने करण्यास हरकत नसावी. मेंदूच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अकोला वा नागपूर गाठण्यात वाशिमचे काही बिघडत नाही. बाळंतपणासाठी गाठावे लागणे मात्र बिघडलेल्या नियोजनाचे लक्षण होय.

मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्स नावाचे, त्याच देशाचे, आणखी लहान बेट आहे. क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर, वस्ती चाळीस हजारांच्या थोडी वर. आपल्या दीड प्राथमिक आरोग्य केंद्राएवढी. २००२ मध्ये या बेटास स्वतःची प्रादेशिक सभा मिळाली. एवढ्या वस्तीस आपल्याकडे रुग्णालय मंजूर होणार नाही; तेथे ते आहे, कारण मधे समुद्र आहे. अत्यवस्थ रुग्णास विमानाने मॉरिशसला न्यावे लागते. लोकसंख्येचे प्रमाण हे मार्गदर्शक असते. अंतर त्याला वाकवू शकते, हे रॉड्रिग्सवरून दिसते. पावसाळ्यात ज्यांचा रस्ता तुटतो अशी गावे आणि तांडे वाशिम जिल्ह्यातही आहेत. पाच हजारांचा निकष त्यांना जसाच्या तसा लावणे न्याय्य नाही.

एक रुग्ण, तीन धनी

१९४६ मध्ये भोर समितीने सुचविलेली आणि १९५२ नंतर सामूहिक विकास योजनेबरोबर देशात आलेली प्राथमिक आरोग्य केंद्रे महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या हाती आहेत. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या १९६१ च्या अधिनियमान्वये १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ग्रामीण आरोग्याची जबाबदारी त्यांच्याकडे देणारे हे पाऊल त्या काळी धाडसाचे होते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तर रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने यांसह आरोग्य हा विषय पंचायत राज्य संस्थांकडे सोपवावयाच्या विषयांच्या अनुसूचीत घातला.

प्रत्यक्षात उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे. ग्रामीण रुग्णालयापासून वरचे सारे जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, म्हणजे राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. त्यात आता तिसरी भर पडली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशिम एक. महाविद्यालयाचा कारभार वैद्यकीय शिक्षण विभागाचा. गुंतागुंतीचे बाळंतपण आरोग्य केंद्रातून निघून रुग्णालयात पोहोचते तेव्हा ती स्त्री एका धन्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या, आणि पुढे तिसऱ्याच्या हद्दीत जाते. ज्या वळणावर तिला सर्वाधिक मदतीची गरज असते, नेमकी तेथेच सीमारेषा आहे. मॉरिशसमध्ये प्रादेशिक रुग्णालय आणि त्याखालची केंद्रे एकाच प्रादेशिक आरोग्य प्रशासनाखाली येतात. त्यामुळे वरून आलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे खालच्या केंद्रास कळविणे हा त्याच कार्यालयाच्या कामाचा भाग ठरतो.

महाराष्ट्राची ही रचना एका जिल्ह्याने बदलता येणार नाही. पण १९९८ च्या अधिनियमाने स्थापन झालेली जिल्हा नियोजन समिती हे असे एक ठिकाण आहे, जेथे तिन्ही धन्यांना एकाच आराखड्यावर आणता येते. या समितीचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या व नागरी संस्थांच्या निर्वाचित सदस्यांतून यावयाचे असतात. तेथे आरोग्याचा विषय बहुधा बांधकामाच्या रूपाने येतो : नवी इमारत, दुरुस्ती, कुंपण. तज्ज्ञ कोणत्या ठिकाणी एकत्र नेमावेत, रक्तसाठवण केंद्र कोठे असावे, कोणत्या गावचा रुग्ण कोणत्या रुग्णालयात न्यावा, हे प्रश्न बांधकामाचे नसल्याने कार्यक्रमपत्रिकेवर यावयाचे राहून जातात.

पैशाबद्दल थोडे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशातील स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करावयास ७०,०५१ कोटी रुपये सुचविले. रक्कम लहान नव्हती; मात्र खर्चाची शीर्षे वरून ठरलेली होती. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून उरणारी रक्कम तुलनेने फार थोडी, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नेमणुका राज्याच्या हाती. स्वराज्य आले आणि किल्ल्या वरच राहिल्या, असे म्हणणाऱ्या जुन्याजाणत्या सदस्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तरीही जी थोडी रक्कम आणि जो थोडा अधिकार हाती आहे, त्याचा वापर हिशेबाने झाला तरच अधिक मागण्याचा हक्क शाबीत होतो.

बेटाचे दार आणि जिल्ह्याचे दार

हिवतापाच्या कथेचा उत्तरार्ध सांगितल्यावाचून मॉरिशसचे उदाहरण पुरे होत नाही. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश हिवतापमुक्त असल्याचे मान्य केले. फेब्रुवारी १९७५ मध्ये मोठे चक्रीवादळ झाले आणि त्यानंतर हिवताप पुन्हा पसरू लागला. बाहेरून आलेल्या रुग्णांच्या रक्तातील जंतू आणि वादळाने निर्माण केलेली डबकी एकत्र आली. पुन्हा मोहीम आखावी लागली आणि रोग पुरता आटोक्यात येण्यास वीसहून अधिक वर्षे गेली. तेव्हापासून हिवतापाच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांची नोंद ठेवून, आरोग्य कर्मचारी पुढे त्यांच्या घरी जाऊन रक्त तपासतात. बेटाचे मुख्य दार विमानतळाचे. तेथे पहारा ठेवता येतो.

वाशिम जिल्ह्याला अशी शेकडो दारे आहेत. सातमाळा-अजिंठ्याच्या पठारावर वसलेला हा प्रदेश पूर्णा आणि पेनगंगा या दोन खोऱ्यांचा जलविभाजक आहे. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती येथे उगम पावतात आणि पाणी घेऊन बाहेर जातात. पाण्यामागोमाग माणसेही जातात. दिवाळीनंतर खेड्यांतून आणि तांड्यांवरून अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. जाताना गरोदर असलेली स्त्री परतते तेव्हा कडेवर मूल असते. त्या मुलाच्या लसी कोठे टोचल्या, टोचल्या की नाही, हे येथील नोंदवहीत नसते; ज्या गावी ते जन्मले तेथील नोंदवहीत त्याचे नाव नसते. परत आलेल्या मजुराचा ताप कोणत्या जातीचा, हेही सहसा उशिराच कळते. येथे आशा कार्यकर्तीचे आणि शाळेतील शिक्षकाचे काम विमानतळावरील अधिकाऱ्यासारखे आहे. जूनमध्ये शाळेत परत आलेले मूल हे घर परत आल्याची पहिली खूण असते. शिक्षकाने ती नावे त्याच आठवड्यात उपकेंद्रास कळविली तर तापाचे रुग्ण आणि राहिलेल्या लसी दोन्ही सापडतात. त्यास नवीन योजना लागत नाही, अनुदानही नाही.

आहाराच्या बाबतीतही मॉरिशसचे एक उदाहरण मनोरंजक आहे. १९८७ च्या पाहणीत तेथे मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आढळले. त्यानंतर शिधावाटपाच्या तेलातील पामतेल काढून त्याऐवजी सोयाबीनचे तेल देण्यात आले. १९९२ च्या पाहणीत लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल बरेच उतरलेले दिसले. सोयाबीन हे वाशिमचे प्रमुख पीक. ते पिकविणाऱ्यांच्या घरी कोणते तेल येते, हे कोणी पाहिले असल्यास ती नोंद उपयोगी ठरेल.

नव्या महाविद्यालयाकडून

नवे वैद्यकीय महाविद्यालय ही जिल्ह्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे. तज्ज्ञ अध्यापक, अहोरात्र काम करणारे तरुण डॉक्टर, रक्त व तपासण्या यांची सोय एकाच ठिकाणी येण्याचा हा मार्ग होय. वाशिम येथील सर्वांगपूर्ण ठिकाणाचा प्रश्न त्याने बराचसा सुटू शकेल. चिंता कारंजा आणि मानोऱ्याची आहे. मोठी संस्था उभी राहिली की भोवतालची माणसे आणि साधने तिच्याकडे ओढली जातात; तालुक्याच्या रुग्णालयातील एकुलता एक स्त्रीरोगतज्ज्ञ अध्यापक म्हणून वाशिमला गेला, तर जिल्ह्याची एकूण संख्या तेवढीच राहते आणि कारंज्याचे दार बंद होते. म्हणून महाविद्यालयातील स्त्रीरोग व भूलशास्त्र विभागांनी दुसऱ्या ठिकाणची पाळी आपल्या वेळापत्रकात घ्यावी, अशी मागणी जिल्हा नियोजन समितीने आरंभीच, वेळापत्रके रूढ होण्यापूर्वी, करणे इष्ट ठरेल.

त्यासाठी आधार म्हणून एक साधी नोंद पुरे. जिल्ह्यातील प्रत्येक उपकेंद्राने दर महिन्यास पाच गोष्टी लिहाव्यात : गुंतागुंत केव्हा लक्षात आली, वाहन केव्हा बोलावले, ते केव्हा आले, उपचार जेथे मिळाला तेथे ती स्त्री केव्हा पोहोचली, आणि वाटेत किती दारे बंद आढळली. सेविकेकडे महिन्यास सरासरी एकच असा प्रसंग येतो. लिहिण्याचा भार फार नाही. पंचायत समितीच्या मासिक सभेत आरोग्याचा विषय निघतो तेव्हा तालुक्यातील सर्व उपकेंद्रांच्या या नोंदी एका तक्त्यावर सदस्यांपुढे मांडाव्यात, आणि शेवटच्या रकान्यातील ठिकाणांची नावे त्याच सभेत मोठ्याने वाचून इतिवृत्तात घ्यावीत.